मागच्या चाकाचे स्पोक वारंवार का तुटतात? दोष मालाचा की कामाचा?

सायकलच्या दुकानात मागच्या चाकाचा तुटलेला स्पोक हे रोजचे काम. गिऱ्हाईक सायकल आणते, कारागीर तुटलेल्या जागी नवा स्पोक ओवतो, आजूबाजूचे चार निपल इकडेतिकडे फिरवून आऊट काढतो, पैसे घेतो आणि सायकल परत देतो. १५ दिवसांनी तेच गिऱ्हाईक पुन्हा दारात उभे. या वेळी शेजारचा स्पोक गेलेला असतो. गिऱ्हाईक म्हणते, "तुम्ही फार टाइट केलात म्हणून तुटला." कारागीर म्हणतो, "हल्ली मालच हलका येतो." दुकानमालक म्हणतो, "कॅरिअरवर एवढे वजन लादता, मग तुटणारच!" थोडी बाचाबाची होते, दुसरा स्पोक कमी पैशांत किंवा फुकट बसतो आणि तिसरा तुटेपर्यंत विषय संपतो.

या तिन्ही सबबींत थोडे थोडे तथ्य आहे. पण खरे कारण बहुतेक वेळा चौथेच असते. चाकाचे स्पोक ढिले असतात आणि सर्वांचा ताण सारखा नसतो. ही गोष्ट ना लुधियानाच्या कारखान्याच्या हातात, ना रस्त्याच्या. ती निपलची चावी ज्याच्या हातात आहे त्याच्या हातात आहे. आपला कारागीर हे काम नीट करू शकतो आणि त्याची वेगळी मजुरीही घेऊ शकतो. परंतु आपल्याकडे स्पोक विकला जातो, चाक बांधण्याचे हुनर विकले जात नाही. ही रीत बदलली पाहिजे असे आमचे स्पष्ट मत आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी चाकाचे गणित समजून घेऊ.

बैलगाडीचे चाक आणि सायकलचे चाक

बैलगाडीच्या चाकाला लाकडी आरे असतात. गाडीचे वजन आसातून खालच्या आऱ्यावर येते आणि तो आरा खांबासारखा ते वजन पेलतो. सायकलच्या स्पोकला हे जमणार नाही. २ मिलिमीटर जाडीची तार उभी धरून वरून दाबली तर ती लगेच वाकते. तार दाब घेत नाही, ओढ मात्र भरपूर घेते. म्हणून सायकलच्या चाकात सर्व तारा आधीच ओढून ताणलेल्या असतात. ३२, ३६ किंवा ४० तारा चारी बाजूंनी रिमला आत ओढतात आणि हब मधोमध ताणलेला राहतो. अशा तारेच्या चाकाचे पेटंट पॅरिसच्या यूजेन मेयर याने १८६९ मध्ये घेतले. स्पोक हबमधून सरळ न काढता तिरके, एकमेकांना ओलांडून बसवण्याची पद्धत इंग्लंडच्या जेम्स स्टार्ली याने १८७४ मध्ये आणली. आजही आपण जे चाक बांधतो ते मुळात हेच.

अशा चाकावर माणूस बसला की काय होते? अनेकांना वाटते की वजन वरच्या स्पोकला लटकते आणि म्हणून वरचे स्पोक जास्त ताणले जातात. मोजून पाहिले तर वेगळेच दिसते. रिमचा जो भाग जमिनीला टेकलेला असतो तेवढ्याच भागातील तीन-चार स्पोकचा ताण कमी होतो. बाकीच्यांच्या ताणात अगदी किरकोळ फरक पडतो. जॉब्स्ट ब्रँट या अमेरिकी अभियंत्याने १९८१ मध्ये 'द बायसिकल व्हील' हे पुस्तक लिहून ही गोष्ट हिशेबानिशी मांडली. म्हणजे चाकाची ताकद आधी भरून ठेवलेल्या ताणात असते. ताण पुरेसा असेल तर वजन आल्यावर खालचा स्पोक थोडा सैल होतो, तरी ताणलेला राहतो. ताण अपुरा असेल तर तो पूर्ण ढिला पडतो आणि त्या क्षणी चाकात तो नसल्यासारखाच असतो. त्याच्या वाट्याचे वजन शेजाऱ्यांवर जाते.

तार एका झटक्यात तुटत नाही

लोखंडी तार हाताने तोडायची असेल तर आपण ओढत बसत नाही. तिला पुढे-मागे वाकवतो. १०-१५ वेळा वाकवले की ती पटकन तुटते. धातूला थकवा येतो तो असा. जर्मनीतील रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर याने १८५० ते १८७० च्या दरम्यान रेल्वेचे आस का मोडतात याचा शोध घेतला तेव्हा हेच दिसून आले. जे वजन आस एकदा सहज पेलतो, तेच वजन लाखो वेळा येत-जात राहिले तर त्याला तडा जातो.

स्पोकचे तसेच आहे. २८ इंची रोडस्टर सायकलचे चाक एका फेरीत सुमारे सव्वादोन मीटर पुढे जाते. म्हणजे एका किलोमीटरला अंदाजे ४५० फेरे. दूधवाला किंवा फेरीवाला रोज २० किलोमीटर फिरला तर दिवसाला ९,००० फेरे झाले. वर्षात ३०० दिवस धंदा केला तर फेरे झाले २७ लाख. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक स्पोक एकदा सैल होतो आणि पुन्हा ताणला जातो. म्हणजे वर्षाला २७ लाख वेळा ही ओढाताण. तार अखेर जिथे कमजोर तिथेच जाते. बहुतेक वेळा ती जागा म्हणजे हबच्या भोकातून बाहेर येताना असलेला स्पोकचा कोपर, आणि त्यानंतर निपलच्या तोंडाशी असलेले आटे.

ढिल्या चाकात हे लवकर घडते. स्पोक पूर्ण ढिला पडला की कोपर हबच्या भोकात हलतो, वाकतो, घासतो आणि चाक पुढे गेले की पुन्हा झटक्याने ताणला जातो. शिवाय ढिल्या स्पोकचा निपल हादऱ्यांनी आपोआप उलगडत जातो. त्यामुळे आज जो थोडा ढिला आहे तो महिन्याभराने फार ढिला होतो.

गिऱ्हाईक म्हणते तसे "टाइट केल्याने" तुटणे फार क्वचित होते. चांगल्या प्रतीची २ मिलिमीटरची तार तोडायला अडीचशे किलोहून जास्त ओढ लागते. नीट बांधलेल्या आजच्या चाकात फ्रीव्हीलच्या बाजूचा ताण १०० ते १२० किलोच्या आसपास असतो. हाताने निपल फिरवत तार तुटेपर्यंत ताणायला गेलात तर त्याआधी निपलचे कोपरे गोल होतील किंवा रिम दगा देईल. टाइट केल्यावर दोन दिवसांत जो स्पोक तुटतो, त्याला तडा बहुधा आधीच गेलेला असतो. त्याचा दिवस भरलेला होता, एवढेच.

मागचेच चाक का?

पुढच्या चाकाचे स्पोक क्वचितच तुटतात. याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण वजन. सायकलस्वाराचे निम्म्याहून जास्त वजन मागच्या चाकावर असते आणि कॅरिअरवरचा माल तर जवळजवळ सगळाच. जुन्या इंग्लिश बनावटीच्या रोडस्टरला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक देत असत ते याच हिशेबाने. दुधाचे कॅन, गॅसची टाकी, कपड्यांचे गठ्ठे वाहणाऱ्या सायकलला ते ८ जादा स्पोक उगाच दिलेले नाहीत.

दुसरे कारण चेनची ओढ. पायडल मारले की हब पुढे फिरू पाहतो आणि रिम मागे राहते. तिरक्या स्पोकपैकी निम्मे जास्त ताणले जातात, निम्मे सैल होतात. चढावर किंवा माल भरून सुरुवात करताना ही ओढाताण आणखी वाढते. पुढच्या चाकाला हे काम नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित. मागच्या हबच्या उजव्या बाजूला फ्रीव्हील असते. त्याला जागा देण्यासाठी हबची उजवी कड आत सरकवावी लागते. रिम मात्र फ्रेमच्या मधोमधच हवी. त्यामुळे उजवीकडचे स्पोक जास्त उभे आणि डावीकडचे जास्त तिरके बसतात. उभा स्पोक रिमला बाजूला फार कमी ओढतो. दोन्हीकडची ओढ बरोबरीला आणायची तर उजवे स्पोक बरेच टाइट आणि डावे ढिले ठेवावे लागतात. साध्या एका चकतीच्या फ्रीव्हीलला हा फरक थोडा असतो. सात-आठ गिअरच्या सायकलला तो इतका वाढतो की डावीकडचा ताण उजवीकडच्या निम्म्याच्या किंवा दोन तृतीयांशाच्या आसपास राहतो.

गिअरच्या सायकलचे डावे स्पोक वारंवार तुटतात ते यामुळे. कारागीर उजवे स्पोक पुरेसे टाइट करत नाही, मग डावे आपोआपच अति ढिले राहतात. डावे ढिले आहेत म्हणून नुसते डावेच आवळले तर रिम डावीकडे सरकते. इलाज उजवीकडून सुरू करायचा असतो. उजवी बाजू रिमला झेपेल तेवढी टाइट करा, मग डावीलाही पुरेसा ताण मिळतो. गिअरच्या सायकलचे उजवे स्पोक तुटले असतील तर आणखी एक गोष्ट पाहावी. चेन मोठ्या चकतीवरून घसरून स्पोकमध्ये अडकली होती काय? चेनने कोरलेला स्पोक तिथेच तुटतो. असे असेल तर नुसता स्पोक बदलून उपयोग नाही. गिअर बदलणाऱ्या यंत्राचा स्क्रू नीट लावून द्यावा.

सरळ फिरणारे चाक फसवते

आपल्याकडे चाकाची परीक्षा एकच, आऊट आहे की नाही. चाक ब्रेकच्या गुटक्यांमध्ये सरळ फिरले की काम झाले. इथेच घोटाळा आहे.

चाक सरळ फिरते म्हणजे डावी-उजवी ओढ जागच्या जागी बरोबरीला आली, इतकेच. एका ठिकाणी दोन्ही बाजू टाइट आणि दुसऱ्या ठिकाणी दोन्ही ढिल्या असतील तरीही चाक सरळच दिसते. तुटलेल्या स्पोकच्या जागी नवा घालून चाक सरळ होईपर्यंत शेजारचे निपल फिरवले की नेमके असेच होते. नवा स्पोक अर्धवट टाइट, एक शेजारी गरजेपेक्षा जास्त टाइट, दुसरा जवळजवळ मोकळा. गिऱ्हाईक खूश होऊन जाते आणि १५ दिवसांनी शेजारचा स्पोक तुटतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. एका चाकातले सर्व स्पोक एकाच दिवशी बसवलेले असतात, एकाच वेळी म्हातारे होतात. पहिला तुटला तेव्हा इतरांनीही तेवढेच लाखो फेरे सोसलेले असतात. म्हणून आमच्या मते कारागिराने एक साधा नियम पाळावा. पहिला स्पोक तुटला तर तो बदलून पूर्ण चाकाचा ताण तपासून सारखा करावा. त्यानंतर थोड्याच काळात दुसरा आणि तिसरा तुटला तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे की आता एकेक बदलण्यात अर्थ नाही, सर्व नवे स्पोक घालून चाक बांधू या. रिम आणि हब चांगले असतील तर तेच वापरता येतात.

नीट कामाची रीत

जुन्या उस्तादांपैकी पुष्कळांच्या हातात ही रीत आहे. पण शागीर्दाला "असे कर" इतकेच सांगितले जाते, "असे का" हे सांगितले जात नाही. म्हणून थोडक्यात लिहितो.

१) स्पोकची लांबी बरोबर असावी. लांब झाला तर टोक निपलबाहेर येऊन ट्यूब फोडते. आखूड झाला तर निपलला थोडेच आटे धरतात आणि निपलचे डोके तुटते.

२) बांधण्याआधी आट्यांना तेल लावावे. कोरडा निपल फिरताना स्पोकलाही पिळतो आणि पुढे चालताना तो पीळ सुटून ताण उतरतो. इंग्लंडचे जुने चाक बांधणारे जवसाचे तेल वापरत. ते बांधताना वंगण देते आणि वाळल्यावर निपल धरून ठेवते. गिअरच्या सायकलच्या डाव्या बाजूला हे फार उपयोगी पडते.

३) स्पोक ओवल्यावर कोपर हबच्या कडेला अंगठ्याने दाबून नीट बसवावा. बाहेरून निघणारे स्पोक कमानीसारखे वाकलेले राहू देऊ नयेत. हबची कड पातळ असून कोपर भोकात हलत असेल तर स्पोकच्या डोक्याखाली बारीक वॉशर घालावा.

४) ताण एकदम वाढवू नये. सर्व निपल अर्धा-अर्धा फेरा फिरवत संपूर्ण चाक सारखे वर न्यावे. प्रत्येक वेळी निपल हवा त्यापेक्षा किंचित पुढे फिरवून परत मागे आणावा, म्हणजे तारेत पीळ राहत नाही.

५) ताणाची बरोबरी कानाने तपासावी. एकाच बाजूचे, एकाच लांबीचे व जाडीचे स्पोक रिमजवळ नखाने छेडले की सारखा सूर निघाला पाहिजे. ज्याचा सूर खाली तो ढिला, ज्याचा वर तो जास्त टाइट. डाव्या-उजव्या बाजूंचे सूर वेगळे येतील, त्याची चिंता नको. पण एका बाजूत एकच सूर हवा. ताण मोजण्याचे छोटे यंत्रही मिळते. महागड्या चाकांचे काम करणाऱ्याने ते जरूर घ्यावे.

६) शेवटी, आणि हे आपल्याकडे फार थोडे लोक करतात, दोन्ही हातांत जवळजवळ समांतर असलेल्या दोन-दोन स्पोकच्या जोड्या धरून त्या जोराने आवळाव्यात. हाताला फडके गुंडाळावे. असे करत पूर्ण चाकभर जावे. यामुळे तार वाकवताना कोपरात राहून गेलेला जादा ताण निघून जातो आणि प्रत्येक स्पोक आपल्या जागी बसतो. यानंतर चाक थोडे हलेल, ते पुन्हा सरळ करावे. या एका कृतीने स्पोकचे आयुष्य पुष्कळ वाढते आणि तिला खर्च काहीच नाही.

ताणाची वरची मर्यादा रिम ठरवते. आवळताना चाक एकदम आठच्या आकड्यासारखे वळले तर ताण जास्त झाला. सर्व निपल अर्धा फेरा ढिले करून पुन्हा सरळ करावे. जुन्या रिमच्या भोकांभोवती तडे किंवा फुगवटा दिसला तर त्या रिमवर मेहनत वाया घालवू नये. ती बदलावी.

व्यापारी बंधूंसाठी दोन शब्द

कारागिराला इतके सांगितल्यावर माल विकणाऱ्यालाही काही सांगणे भाग आहे. एकाच खोक्यात वेगवेगळ्या लांबीचे आणि जाडीचे स्पोक मिसळून ठेवायचे, मागेल त्याला "चालून जाईल" म्हणून जवळपासचा माप द्यायचा, ही सवय अनेक दुकानांत आहे. चालून जात नाही. एका बाजूत दोन जाडीचे स्पोक असले की सुराने ताण जुळवता येत नाही. गंजलेला स्पोक बाहेरून पुसला तरी कोपरातला गंज तसाच राहतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. समुद्रकाठच्या दमट हवेत तर साधा स्पोक फार लवकर खराब होतो. तिथे स्टेनलेस स्टीलचा स्पोक थोडा महाग पडला तरी शेवटी स्वस्त पडतो.

मालाची प्रत स्वच्छ सांगून विकावी. दोन भाव ठेवावेत, दोन्हींतला फरक सांगावा आणि निवड गिऱ्हाइकावर सोडावी. खोक्यांवर लांबी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवावी. ज्या दुकानात बरोबर मापाचा स्पोक हमखास मिळतो, तिथे आजूबाजूचे दहा कारागीर येतात. हलका माल खपवून जो नफा होतो तो त्यापुढे काहीच नाही.

मजुरीचा प्रश्न

आता मूळ मुद्दा. कारागीर म्हणेल, "हे सगळे खरे, पण एका स्पोकच्या पैशांत अर्धा तास चाक घेऊन बसायचे कोणी?" त्याचे म्हणणे रास्त आहे. आमचेही म्हणणे तेच. एका स्पोकच्या पैशांत हे काम करूच नये. याचे वेगळे पैसे घ्यावेत.

आज आपल्या दरपत्रकात, म्हणजे तोंडी दरपत्रकात, "स्पोक बसवणे" एवढी एकच ओळ असते. त्याच्या तीन ओळी कराव्यात. पहिली, एक स्पोक बदलून चाक सरळ करणे, हमी नाही. दुसरी, स्पोक बदलून पूर्ण चाकाचा ताण सारखा करणे, एक महिन्याची हमी. तिसरी, सर्व नवे स्पोक घालून चाक नव्याने बांधणे, सहा महिन्यांची हमी आणि पहिल्या १०० किलोमीटरनंतर एकदा मोफत तपासणी. हे दर पाटीवर लिहून दुकानात टांगावेत. घासाघीस कमी होते आणि गिऱ्हाइकाला कळते की ही तीन वेगळी कामे आहेत.

दुसरा आक्षेप असा येईल की आपले गिऱ्हाईक गरीब आहे. हमाल, दूधवाला, भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर जाणारा कामगार जास्त पैसे कुठून देणार? त्याला उत्तर हिशेबाचे आहे. दोन महिन्यांत चार वेळा स्पोक तुटला तर चार वेळा स्पोकचे पैसे, चार वेळा मजुरी आणि चार वेळा धंद्याचा खोळंबा. माल भरलेल्या सायकलचा स्पोक वाटेत तुटला आणि चाक ब्रेकला घासू लागले तर त्या दिवसाची फेरी गेली. हा खोळंबा कोणत्याही मजुरीपेक्षा महाग असतो. गरीब गिऱ्हाइकाला एकदाच नीट केलेले काम सर्वांत स्वस्त पडते. ही गोष्ट शांतपणे समजावून सांगितली तर बहुतेकांना पटते. ज्याला पटत नाही त्याच्यासाठी पहिली ओळ आहेच.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. कधी कधी मालच निकृष्ट असतो. कोपर नीट घडवलेला नसतो, आटे कच्चे असतात. अशा वेळी कारागिराने कितीही जपले तरी स्पोक जातो. पण माल वाईट आहे हे सिद्ध कधी करता येईल? आपले काम चोख असेल तेव्हाच. ढिल्या चाकातला तुटलेला स्पोक घेऊन घाऊक व्यापाऱ्याकडे गेलात तर तो तुमचेच काम दाखवील. सारख्या ताणाच्या चाकातले चार स्पोक एकाच जागी तुटले, तर तो माल परत करण्याचा तुम्हाला हक्क आहे. तुटलेले तुकडे फेकू नका. कोपरात तुटला की आट्यांत, डावा की उजवा, हे पाहून ठेवत जा. महिन्याभरात दोष कुठे आहे ते तुकडेच सांगतील.

बदलता काळ

काही जण म्हणतात की सायकलचा धंदाच आता उतरणीला लागला, त्यात एवढे शिकून काय करायचे? साहिबाबादच्या अ‍ॅटलस कारखान्यातील काम जून २०२० मध्ये थांबले तेव्हा अनेकांनी हेच म्हटले. पण कारखाना थांबला म्हणून रस्त्यावरच्या सायकली थांबत नाहीत. आणि दुसऱ्या बाजूने नवे काम येत आहे. गिअरच्या सायकली आता साध्या घरांतही दिसतात. विजेवर चालणाऱ्या सायकली आल्या आहेत. त्यांतल्या कित्येकांच्या मागच्या हबमध्ये मोटर बसवलेली असते. मोटरचा हब मोठा, म्हणून स्पोक आखूड. आखूड स्पोक रिमला जास्त तिरका भिडतो आणि निपलच्या तोंडाशी वाकतो. वर मोटरचे स्वतःचे वजन आणि तिची ओढ. या चाकांचे स्पोक तुटणारच आहेत. ते बांधणारा लागणारच आहे.

आज असे चाक मोठ्या शोरूममध्ये गेले तर पुष्कळदा उत्तर मिळते, "पूर्ण चाक बदला." गिऱ्हाइकाला हजारो रुपयांचा खर्च सांगितला जातो. तेच काम आपल्या गल्लीतला उस्ताद नव्या स्पोकमध्ये आणि आपल्या मेहनतान्यात करून देऊ शकतो. त्याला फ्रीव्हील काढण्याची हत्यारे, बरोबर मापाच्या निपल चाव्या, चाक फिरवून पाहण्याचा एक स्टँड आणि वर सांगितलेली समज, इतकेच भांडवल लागते. हत्यारांचा खर्च थोड्याच कामांत वसूल होतो. समज मात्र विकत मिळत नाही, ती एकाने दुसऱ्याला द्यावी लागते.

म्हणून सायकल दुकानदार आणि कारागीर बंधूंना आमचे सांगणे एवढेच. पुढच्या वेळी मागच्या चाकाचा तुटलेला स्पोक दुकानात आला की नवा ओवण्याआधी उरलेले सर्व स्पोक नखाने एकदा छेडून पाहा. किती ढिले आहेत ते गिऱ्हाइकाच्या समोर त्याच्याच कानांना ऐकवा. मग त्याला तीन दर सांगा. आणि हाताखालच्या शागीर्दाला ते चाक बांधायला बसवा, स्वतः शेजारी बसून प्रत्येक फेऱ्याचे कारण सांगत.